ज्ञानगंगा घरी आली, वेळ कुठून आणायचा?

ऑनलाइन शिक्षणामुळे वर्गाच्या भिंती पडल्या, आता कोणीही, कुठूनही, कधीही शिकावे, असा डांगोरा पिटला जात आहे. गरिबाच्या मुलाने शिक्षण अर्ध्यावर सोडले, की त्याला उपदेश मिळतो, 'वेळेचे नियोजन करायला शिक.' आमचा सवाल साधा आहे. ज्या वेळेचे नियोजन करायचे, तो वेळ त्याच्या मालकीचा तरी आहे काय?

नाशिकचेच पाहा. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथलेच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. शाळा सुटलेल्यांना, नोकरदारांना, संसारी स्त्रियांना त्याने पदवीचे दार उघडले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळा-कॉलेजचे वर्गही मोबाईलवर आले. पण गंगा ज्या घरात आली, त्या घरात काय आहे हे कोणी पाहिले? सरकारच्याच २०१७-१८ च्या नमुना पाहणीत देशातील ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाईल वाढले, हे खरे. पण खोली एकच, मोबाईल एकच आणि शिकणारी भावंडे तीन, ही आपल्या वस्त्यांतली गोष्ट काही बदललेली नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा तरुण घ्या. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, दुसरा सेकंड, तिसरा नाईट. संध्याकाळी सातचा वर्ग त्याला फर्स्टच्या आठवड्यात मिळतो, सेकंडला तो मशीनवर उभा असतो आणि नाईटला कामावर निघण्याच्या घाईत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या मुलीला घरी आल्यावर पाणी भरायचे, भाकरी थापायच्या. तोवर मोबाईल भावाच्या हातात गेलेला असतो. 'रोज ठरल्या वेळी अभ्यास करा' हा सल्ला ज्यांचा रोजचा दिवस सारखा असतो त्यांच्यासाठी आहे.

परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावाला अभ्यासाला उठवीत. हा प्रसंग सांगून आपण मुलांना जिद्द शिकवतो. पण त्यातली दुसरी बाजू विसरतो. तो वेळ बापाने स्वतःची झोप मोडून लेकराला मिळवून दिला होता!

म्हणून विद्यार्थी बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे, की घड्याळावर नव्हे, पाळीवर वेळापत्रक बांधा. तीन पाळ्यांची तीन वेळापत्रके करून भिंतीवर लावा. नाईट करून आल्यावर आधी झोपा. उठल्यानंतरचे दोन तास अभ्यासाचे. थेट वर्ग चुकला तर त्याचे रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात पाहा, साठू देऊ नका. स्वाध्याय देण्याची शेवटची तारीख गाठायची नसते, आठ दिवस आधीची गाठायची असते. आणि ज्या मोबाईलवर शिकायचे, तोच मोबाईल रील दाखवून तुमचे तास गिळतो, हेही ध्यानात ठेवा.

पण सारा भार मुलांच्याच माथी मारून चालणार नाही. प्रत्येक ऑनलाइन वर्गाचे रेकॉर्डिंग मिळालेच पाहिजे, हजेरीची अट कामगार विद्यार्थ्याच्या पाळीकडे पाहून ठरली पाहिजे, ही मागणी संघटनांनी लावून धरावी. आणि आपण? वस्तीतील बुद्धविहार वंदनेनंतर कुलूपबंद का राहावे? पहाटे पाचला आणि रात्री बारापर्यंत तिथे दिवा, टेबल आणि वायफाय असले, तर फर्स्टवाल्यालाही जागा मिळेल, सेकंडवाल्यालाही. घरात मुलीच्या हातचे काम भावाने उचलले, तर तिलाही दोन तास मिळतील.

रामजी सुभेदारांचे ते जागरण आता सगळ्या वस्तीने करायचे आहे. 'शिका' म्हणणे सोपे आहे. शिकायला वेळ मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.