उरलेले तीस किलोमीटर

पुण्यात लोहगावला विमानतळाच्या दारातून बाहेर पडले की समोर पाट्यांची रांग दिसते. पांढऱ्या कागदावर छापलेले परदेशी नाव, कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह आणि पाटी छातीशी धरून ताटकळलेला, कडक इस्त्रीतला ड्रायव्हर. जर्मनीहून आलेल्या साहेबाला चाकणला कसे पोहोचायचे हा प्रश्न पडत नाही. त्याची बॅगसुद्धा त्याला उचलावी लागत नाही.

त्याच दारातून नागपूरच्या विमानातला एक डिप्लोमाधारक पोरगा बाहेर येतो. रेल्वेचे तिकीट वेटिंगवर लटकलेले आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणून घरच्यांनी पोटाला चिमटा काढून विमानाचे तिकीट काढून दिलेले. तो मोबाइलवर गाडी मागवतो. लगेच ड्रायव्हरचा फोन. ‘कुठं सोडायचंय?’ ‘चाकण एमआयडीसी, फेज टू.’ ‘कॅश का ऑनलाइन?’ उत्तर पुरते ऐकायच्या आत फोन बंद, ट्रिप रद्द. पुढच्या ड्रायव्हरचेही तेच. ड्रायव्हरांना शिव्या घालणे सोपे आहे. पण चाकणहून परतीचे भाडे मिळेल याची खात्री नाही आणि तिथल्या तळेगाव चौकातल्या कोंडीत रिकाम्या गाडीत बसून डिझेल जाळायचे, तर तो तरी का हो म्हणेल?

आळंदीमार्गे हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. नागपूरहून पुण्यापर्यंतचे आकाश सव्वा-दीड तासात संपते आणि हे तीस किलोमीटर संपता संपत नाहीत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा ही काही आडगावची वस्ती नव्हे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ २००९ पासून चाकणला मोटारी बांधतात. बजाज, महिंद्र यांचे मोठे कारखाने तिथेच आहेत. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केले, ते काही शनिवारवाडा बघायला येणाऱ्यांच्या भरवशावर नव्हे. या पट्ट्यातल्या जर्मन कंपन्यांच्या जिवावर ते उडत होते. म्हणजे फ्रँकफर्ट लोहगावला जोडता आले. चाकण जोडायचे राहून गेले.

राहून गेले, कारण आपल्याकडे नव्या विमानतळावरून वाद होतो तो एकच : तो कुठे व्हावा. आधी चाकण, मग राजगुरुनगरच्या अंगाच्या जागा, मग डोंगर आडवे आले, शेतकरी आडवे आले, आणि २०१६ मध्ये गाडे पुरंदरला गेले. या सगळ्या वर्षांत प्रत्येक निवडणुकीत चाकणच्या विमानतळावर भाषणे झाली. पण आहे त्या विमानतळावर चाकणच्या माणसाने जायचे कसे, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. न झालेल्या विमानतळाला जेवढी वर्तमानपत्रे खर्ची पडली, तेवढी तिकिटे फाडायला कुणी एक बससुद्धा काढली नाही.

मेट्रो आहे ना, असे म्हणतील. आहे, आणि चांगली आहे. पिंपरीहून बसायचे, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचे, जमिनीखाली तेहतीस मीटरवरून सरकत्या जिन्यांनी वर येत उन्नत फलाट गाठायचा, रामवाडीची गाडी धरायची आणि रामवाडीला पुन्हा उतरून पुढचे चार-पाच किलोमीटर फीडर बस नाही तर रिक्षा. पाठीवर सॅक असलेल्या तरुणाला हे दिवसा जमते. दोन बॅगा, एक म्हातारी आई आणि पहाटे पाचचे विमान असेल तर मेट्रोचे नाव काढू नये. त्या वेळी ती कारशेडमध्ये झोपलेली असते. आणि हे सगळे पिंपरीकराचे झाले. चाकणकराला मेट्रो गाठायलाच आधी नाशिक फाट्यापर्यंत यायला हवे.

शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीने काही वर्षांपूर्वी ‘अभि’ नावाने विमानतळासाठी विजेवर चालणाऱ्या बस काढल्या. त्यात हिंजवडीचे नाव होते, निगडीचे होते. चाकणचे नव्हते. हिंजवडीत लॅपटॉपवाले राहतात आणि ते विमानाने फिरतात. चाकणला कामगार राहतात आणि ते एसटीने फिरतात, असे कुणीतरी मनाशी धरलेले दिसते. आगमनाच्या दारात तासभर उभे राहिले तर हा समज टिकणार नाही. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे मालक, मशीन दुरुस्तीला पाठवलेले तंत्रज्ञ, सुट्टी संपवून परतणारे परप्रांतीय कामगार या सगळ्यांना आता विमान नवे राहिलेले नाही. यांच्यासाठी पाटी धरून कुणी उभे नसते.

गंमत अशी की, या पट्ट्यात बसचा तुटवडा नाही. पाळीच्या वेळेला मोशी टोलनाक्यापाशी थांबून बघावे : कंपन्यांच्या बसमागे बस, काही गच्च, काही निम्म्या रिकाम्या. पंधरा-वीस किलोमीटरवरची माणसे रोज, मिनिटाला मिनिट धरून, फाटकात आणून सोडायची विद्या इथल्या कारखान्यांनी केव्हाच आत्मसात केली आहे. तेव्हा चाकणला बस चालवता येत नाही, असे कुणी सांगू नये. ती सार्वजनिक नाही, एवढेच.

मागणी अगदी लहान आहे. विमानतळ, विश्रांतवाडी, दिघी, आळंदी, चाकण चौक आणि पुढे एमआयडीसी अशी एक बस. दुसरी भोसरी आणि मोशीवरून. वेळापत्रक आगारातल्या सोयीने नव्हे, तर विमानांच्या आणि पाळ्यांच्या वेळेने बांधलेले, पहाटेची आणि मध्यरात्रीची फेरी धरून. सामान ठेवायला खाली जागा. कार्तिकीच्या यात्रेत आणि पालखीच्या प्रस्थानाला आळंदीचा रस्ता वाहनांना बंद असतो, तेव्हा ती भोसरीवरून जाईल. माउलींच्या वाटेत बस घालावी असे कुणी म्हणणार नाही. पहिले काही महिने ती तोट्यात जाईल. तो तोटा एमआयडीसी आणि उद्योजकांच्या संघटनांनी वाटून घ्यावा. पाहुण्यांच्या मोटारींवर होणाऱ्या खर्चापुढे तो त्यांना जाणवायचाही नाही.

यावर तयार उत्तर आहे : आधी रस्ता होऊ द्या. नाशिक फाटा ते खेड हा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो व्हायलाच हवा. पण पूल वर बांधून होईपर्यंत खाली वर्षानुवर्षे पत्रे ठोकलेले राहतील, आणि नेमक्या त्याच काळात एका बसमध्ये बसलेली चाळीस माणसे चाळीस मोटारींपेक्षा परवडतील. दरम्यान २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमाने उडू लागली आहेत. द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी राहणारा किवळे-रावेतचा माणूस उद्या लोहगावकडे पाठ फिरवून तिकडे निघाला, तर त्याला दोष देता येणार नाही. चाकणच्या पोराला तीही सोय नाही.

पुरंदरच्या सात गावांत विरोध आणि भूसंपादन दोन्ही चालू आहेत. तो विमानतळ होईल तेव्हा चाकणपासून लोहगावच्या दुपटीहून लांब असेल, मध्ये सगळे पुणे शहर. त्याच्या आराखड्यात धावपट्ट्या आहेत, मालवाहतुकीची जागा आहे. चाकणची बस कोणत्या फलाटावर लागणार, हे नकाशावर रेघा पडायच्या आत विचारून ठेवलेले बरे.