काम नसताना चालायचं कशाला?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर मी एक प्रस्ताव मांडला. पुढच्या रविवारी आपण कुटुंबासह नरनाळ्याला जाऊ आणि शहानूर गावापासून गडापर्यंत पायी चढू. पहिली हरकत माझ्या घरूनच आली. आई म्हणाली, "काम नसताना चालाचं काहाले? उभा जलम चालण्यातच गेला ना आपला."

वाचकहो, तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आपल्या लोकांनी पायपीट काही कमी केलेली नाही. सरपणाला, पाण्याला, निंदणाला, बाजाराला, दुष्काळात खडी फोडायला. चालणे म्हणजे खिशात तिकिटाचे पैसे नसणे, हेच आपल्या डोक्यात बसलेले आहे. म्हणून पोराला नोकरी लागली की आधी हप्त्याची मोटरसायकल दारात येते आणि चौकातल्या किराणा दुकानात जायलाही ती बाहेर निघते. मीही त्यातलाच. साखर वाढली आणि डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर "रोज पाच किलोमीटर चालणे" असे लिहून दिले, तेव्हा माझे डोळे उघडले. तथागत पंचेचाळीस वर्षे पायीच चारिका करीत हिंडले, हे आपण दर वर्षावासात ऐकतो. ऐकतो आणि ऑटोने घरी येतो!

शेवटी लहानमोठे मिळून चौदा जण निघालो. आईही आली. तिने एक अट घातली होती, ती पुढे सांगतो.

अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज २०१७ साली बंद झाली. अकोटपर्यंत आता मोठी लाइन झाली आहे. पण सकाळी लवकर पोचायचे म्हणून आम्ही एसटी धरली. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. आईचे वय शहात्तर. तिने कंडक्टरला आधारकार्ड असे दाखवले, जशी काही ती महामंडळाची साहेबच आहे. बी.कॉम. झालेला माणूस हिशोब केल्याशिवाय राहत नाही म्हणून सांगतो, एसटी, अकोटहून ऑटो, जंगलाची फी, गाइड असे सगळे धरून माणशी दोनशेच्या आसपास पडले. भाकरी, पिठले, ठेचा घरचा.

अकोटच्या वाटेवर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पिकाला दिले तर जमीन बिघडते. पण जसजसे उत्तरेला सातपुड्याकडे जावे तसतसा रंग बदलतो. डोंगरातून उतरणारे ओढे-नाले पायथ्याच्या गोट्यावाळूत मुरतात आणि विहिरींना गोड पाणी लागते. म्हणून अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पायथ्याच्या पट्ट्यात संत्री आहेत, केळी आहेत, पानवेल आहे आणि पानपिंपरी आहे. नाशिककडे द्राक्षांचे मळे, तसे आपल्या वऱ्हाडात हे वेलींचे मळे. ज्यांना पानपिंपरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विड्याच्या पानासारखीच ती वेल, सावलीत वाढणारी. तिला बोटाच्या पेरासारखे फळ येते. सुंठ, मिरे, पिंपळी म्हणतात त्यातली ही पिंपळी.

पोपटखेडचे धरण मागे टाकून शहानूरला पोचलो. गावात वनखात्याचा नाका आहे. तिथे नावे लिहून, फी भरून आणि वाटाड्या घेऊनच पुढे जाता येते. मुक्कामाची गोष्ट काढू नये. संध्याकाळच्या आत खाली यायचे. ज्यांना जायचे असेल त्यांनी पायी चढण्याचे नियम आधीच विचारून घ्यावेत.

चढ सुरू झाला आणि अर्ध्या तासात आम्ही पगारदार मंडळी धापा टाकू लागलो. आई पुढे. तिची चाल हळू, पण थांबणे नाही. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह अशी झाडे ती पोरांना दाखवत होती. माझ्या मुलीला विज्ञानात चांगले गुण मिळतात. पण तिने मोहाचे झाड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वाटाड्याने रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हा लहानसा घुबडाचा पक्षी १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, संपला असेच धरले होते. १९९७ साली तो शहाद्याकडच्या जंगलात पुन्हा सापडला आणि पुढे आपल्या मेळघाटातही आढळला. आम्हांला काही तो दिसला नाही. चौदा जणांचा गलबला ऐकून कोणता पक्षी थांबेल?

शहानूर दरवाजा गेला, मेहंदी दरवाजा गेला, मग महाकाली दरवाजा आला. १४८७ सालचा, बहामनी काळातला. पांढरट दगडात कोरलेली कमळे, जाळ्या, सज्जे आणि वर अरबी अक्षरे. इतका नाजूक दरवाजा या रानात असेल असे कोणाला वाटले नव्हते. आई पायरीवर बसली आणि कमळावरून हात फिरवत म्हणाली, "ज्यानं कोरलं त्याचं नाव लेयलं हाय का यावर?" वाटाड्या गप्प बसला. तिथून पुढे आई आली नाही. "माह्यं झालं," म्हणाली. माझी पत्नी तिच्याजवळ थांबली, आम्ही वर जाऊन तलाव आणि लांबलचक नऊगजी तोफ पाहून आलो.

वरून दक्षिणेला पूर्णेचे सपाट खोरे दिसते, उत्तरेला डोंगरामागे डोंगर. त्या डोंगरांमधून सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्या तापीला मिळायला जातात. पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. म्हणजे आपण उभे होतो त्या धारेच्या दोन्ही बाजूंचे पाणी फिरून एकाच नदीत जाणार. पोरांना हे फार आवडले. एकाने लगेच बाटलीतले पाणी दोन्ही बाजूंना थोडे थोडे सांडून पाहिले.

या डोंगरांत १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. त्यासाठी आतली गावे उठवली गेली. आधी बोरी, कोहा, कुंड. पुढे अकोटच्या बाजूची धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, अमोना. बहुतेक कोरकू वस्ती. नव्या जागी जमीन, पाणी, दवाखाना यांचे दिलेले शब्द पाळले गेले नाहीत म्हणून काही लोक परत जंगलात गेले आणि २०१९च्या जानेवारीत तिथे मोठा संघर्ष झाला. वाघ जगावा असे मलाही वाटते. पण हौसेने चालायला जाणाऱ्याला रानात पडकी चूल, एखादे घरचे आंब्याचे झाड दिसले, तर ते कोणाचे अंगण होते एवढे त्याने विचारावे. पोरांनी मला विचारले. मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले.

आता आईची अट. उतरल्यावर तिला पानमळा आतून पाहायचा होता.

आईचे माहेर अकोटकडचे. साठ-एकसष्ट साली ती बारा-तेरा वर्षांची असेल. आजीबरोबर ती डोक्यावर शेवरीच्या काड्यांचे भारे घेऊन पानमळ्यावर जायची. भारा कुडाच्या बाहेर टाकायचा, मजुरी बांधावर ठेवलेली असायची ती उचलायची आणि मागे फिरायचे. आत पाऊल टाकायला आपल्या लोकांना मनाई. "तुमी आत आले का वेल वाळते," असे सांगत. आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, देव पाण्यात सोडले होते. पण मळ्याच्या कुडाला ते कोण सांगणार? आत थंड वाटते, एवढे तिला कुडाच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यावरून कळायचे. हे तिने मला चाळीस वर्षांत कधी सांगितले नव्हते.

परतताना रस्त्यालगत पानपिंपरीचा एक मळा दिसला. ऑटो थांबवला. तिशीचा एक तरुण मोबाइल पाहत बांधावर बसला होता. मी घुटमळलो, खरे सांगतो, शब्द सुचेना. आई सरळ म्हणाली, "बाबू, आतून पायतो रे जरासा."

"या ना आजी."

तिने चपला काढल्या. तो म्हणाला, "राहू द्या, काटाबिटा लागंन." तिने काढल्याच. आत खरोखरच गारवा होता. हिरव्या अंधारात चार-पाच बाया पिंपऱ्या तोडत होत्या. त्यांतल्या दोघी आपल्याच. "जय भीम माय," म्हणाल्या. आईने एका वेलीचे पान दोन बोटांत धरले आणि त्या तरुणाला विचारले, "कोनी हात लावला त वाळते का रे हे?"

त्याला प्रश्न कळलाच नाही. "हातानं काहाले वाळंन आजी? मर रोग आला का वाळते, विहीर आटली का वाळते. अवंदा पाणी लय खाली गेलं." मग तो बराच वेळ विहिरीविषयी, भावाविषयी बोलत राहिला. त्याचे दुःखही काही खोटे नव्हते. आई ऐकत होती आणि हळूहळू एकेका ओळीतून पार मागच्या कुडापर्यंत जाऊन परत आली.

निघताना त्याने ओंजळभर हिरव्या पिंपऱ्या दिल्या. पैसे घेईना. आईने त्या पदरात बांधल्या. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातून आलो तेव्हा गच्चीवर तिच्या जुन्या लुगड्यावर त्या वाळत घातलेल्या होत्या आणि ती शेजारी काठी घेऊन चिमण्या हाकत बसली होती. "हिवाळ्यात पोराईच्या खोकल्याले होतात," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता पुढच्या डावाले कुटं चालाचं?"