भूषण पॉवर : तयार कारखाना विकत घेण्याची किंमत

भूषण पॉवर अँड स्टील या कंपनीवरील जेएसडब्ल्यू स्टीलची मालकी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी कायम केली. पाच महिन्यांपूर्वीच, २ मे रोजी, न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने हीच खरेदी बेकायदा ठरवून कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला होता. ३१ जुलै रोजी तो मागे घेण्यात आला आणि सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाने प्रकरण नव्याने ऐकले.

भूषण समूह मूळचा चंदिगडचा. कच्चे पोलाद बाहेरून आणायचे, त्याचे पातळ पत्रे व नळ्या तयार करून विकायच्या, असा हा व्यवसाय. त्यात कच्च्या मालाचा भाव दुसऱ्याच्या हाती राहतो. स्वतःचे पोलाद असावे, या विचारातून कंपनी ओडिशातील संबलपूर जिल्ह्यात खनिजाच्या जवळ गेली. त्यासाठी घेतलेली कर्जे मात्र तिला पेलली नाहीत. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी संहितेखाली कारवाईसाठी ज्या १२ मोठ्या थकबाकीदार खात्यांची निवड केली, त्यांत भूषण पॉवर आणि याच कुटुंबाची भूषण स्टील अशा दोन्ही कंपन्या होत्या. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलने घेतली आणि २०२१ मध्ये ती टाटा स्टीलमध्ये विलीन झाली.

खरेदीदार जेएसडब्ल्यूचा आरंभही फार वेगळा नव्हता. १९८२ मध्ये जिंदाल समूहाने तारापूरचा पिरामल स्टीलचा कारखाना घेतला. त्यातून उभी राहिलेली जिंदाल आयर्न अँड स्टील प्रामुख्याने पत्र्यांवर प्रक्रिया करीत असे. २००५ मध्ये तिचे आणि कर्नाटकातील जिंदाल विजयनगर स्टीलचे एकत्रीकरण होऊन जेएसडब्ल्यू स्टील अस्तित्वात आली. २०१० मध्ये इस्पात इंडस्ट्रीज घेतल्याने रायगड जिल्ह्यातील डोलवीचा प्रकल्प हाती आला आणि २०१३ मध्ये तेही विलीनीकरण पूर्ण झाले. जमीन, पाणी, परवाने यांत वर्षे घालवण्यापेक्षा तयार कारखाना घेणे परवडते, हे गणित डोलवीत जुळले.

भूषण पॉवरच्या बाबतीत मात्र वेळ वाचला नाही. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली, परंतु सक्तवसुली संचालनालयाने जुन्या प्रवर्तकांविरुद्धच्या चौकशीत कंपनीची मालमत्ता जप्त केली. जुन्या गुन्ह्यांचे दायित्व नव्या मालकावर येणार नाही, अशी तरतूद संहितेत नंतर करण्यात आली. व्यवहार मार्च २०२१ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ४७ हजार कोटींच्या दाव्यांपोटी बँका व वित्तसंस्थांना १९,३५० कोटी रुपये मिळाले, म्हणजे रुपयामागे जेमतेम ४१ पैसे. मे महिन्याच्या आदेशाने हेही परत करण्याची वेळ बँकांवर येणार होती.

विलंबाचा ठपका मे महिन्यात खरेदीदारावर ठेवण्यात आला होता. सप्टेंबरच्या निकालाने तो मान्य केला नाही. चार वर्षांत नव्या मालकाने ओडिशातील प्रकल्पाची क्षमता २७.५ लाख टनांवरून ४५ लाख टनांवर नेली होती. चालता कारखाना मोडून कोणाचे भले होणार होते, हा प्रश्न वावगा नव्हे. तरीही खरेदीनंतर चार वर्षांनी मालकी रद्द होऊ शकते, असे एकदा दिसल्यावर पुढचा खरेदीदार ती जोखीम बोलीतून वजा करणार, आणि ती तूट पुन्हा बँकांच्याच खात्यावर पडणार.

डिसेंबर २०२५ मध्ये जेएसडब्ल्यूने भूषण पॉवरचा पोलाद व्यवसाय जपानच्या जेएफई स्टीलबरोबरच्या समसमान भागीदारीतील कंपनीकडे सोपवण्याचा करार जाहीर केला. निम्म्या हिश्शासाठी जेएफईने १५,७५० कोटी रुपये देण्याचे ठरले.