पाच तासांचा मार्गदर्शक

जानेवारी लागला की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत प्रकल्पवह्यांचा हंगाम सुरू होतो. जलप्रदूषण, ऊर्जेचे स्रोत, आपले सण अशा विषयांचे तयार चित्रांचे तक्ते दोरीला टांगलेले असतात. मुलं तक्ता घेतात, चित्रं कापून चिकटवतात, खाली चार ओळी उतरवून काढतात. शिक्षक सही करतात, गुण पडतात आणि मे महिन्यात वही रद्दीत जाते. यात मी शिक्षकांना दोष देणार नाही. साठ मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, वर दहावीच्या निकालाचा धाक. पण एक गोष्ट हातची जाते. प्रकल्प ही मुलाला स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता येण्याची शाळेतली जवळजवळ एकमेव जागा असते, आणि ती आपण कात्री-डिंकात घालवतो.

गेली काही वर्षं मी शनिवारी मुळशी तालुक्यात, कोळवण खोऱ्यातल्या नववीच्या मुलामुलींबरोबर बसते. पौडहून आत वळलं की वळकी नदीच्या सोबतीने हे खोरं सुरू होतं. चाले, नांदगाव, कोळवण, चिखलगाव, वर हाडशी. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वाड्या आणि अलीकडे त्यांच्यामध्ये उभे राहिलेले फार्महाऊसचे बंगले. आमचा नियम एवढाच, की वर्षभरासाठी प्रत्येकाने एक प्रश्न घ्यायचा, आणि तो त्याचा स्वतःचा असायला हवा.

हे सांगायला सोपं आहे. 'तुला काय आवडतं?' असं विचारलं तर नववीतली बहुतेक मुलं खाली बघतात. त्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं. मग क्रिकेट, मोबाईल, 'काही नाही' अशी उत्तरं येतात आणि मोठी माणसं लगेच ठरवून टाकतात, की पोरांना कशात रसच नाही. मी तो प्रश्न सोडून दिला आहे. त्याऐवजी विचारते, 'या आठवड्यात घरात कशावरून वाद झाला?' किंवा, 'मोठी माणसं सारखी म्हणतात आणि तुला पटत नाही, असं काय आहे?' मग बोलणं सुरू होतं. भावकीच्या विहिरीवरून झालेलं भांडण निघतं. 'इंद्रायणी तांदळाला आता पहिल्यासारखा वास राहिला नाही' हे आजीचं पालुपद निघतं. रानडुकरांनी उकरलेलं खाचर निघतं. आवड अशीच घरच्या बोलण्यात दडून बसलेली असते.

त्या आजीच्या पालुपदावर एका मुलीने वर्ष काढलं. तिचा पहिला प्रश्न होता, 'रासायनिक खतामुळे तांदळाचा वास गेला का?' प्रश्न चांगला, पण एका मुलीला एका वर्षात न पेलणारा. खत किती, कुठलं, कुठल्या खाचरात, कुठल्या वर्षी, हे सगळं त्यात आलं. मार्गदर्शकाचं खरं काम इथे असतं. प्रश्न बदलायचा नाही, तो मुलीच्या हाताला येईल एवढा लहान करायला तिला मदत करायची. आम्ही बोलत राहिलो आणि तिनेच तो दोन तुकड्यांत आणला: यंदाचा आणि गेल्या वर्षीचा तांदूळ वासावरून ओळखता येतो का, आणि युरिया घातलेल्या व न घातलेल्या खाचरातला ओळखता येतो का?

दरम्यान तिने वाचन केलं. आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने इंद्रायणी तयार केला आणि 1987 मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला, हे तिला कळलं. म्हणजे आजीच्या तरुणपणी तो नव्हताच. तिच्या नाकात बसलेला वास आंबेमोहोराचा असणार. सुवासिक तांदळाचा वास मुख्यत्वे 2-असिटिल-1-पायरोलिन या संयुगामुळे येतो आणि साठवणीत ते उडून जातं, हेही तिने शोधलं. पण वाचलं ते वाचलं. मी तिला विचारलं, 'तुझ्या वाडीत हे खरं आहे हे तू कसं दाखवशील?'

तिने वाडीतल्या आज्यांना पंच केलं. प्रत्येकीपुढे झाकण ठेवलेल्या तीन वाट्या, आत ताजा शिजवलेला भात. दोन वाट्यांत एकच तांदूळ, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी कुठली ते वासावरून सांगायचं. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत चव-वास तपासायला हीच पद्धत वापरतात. नुसता अंदाज ठोकला तरी सरासरी तिघींपैकी एकीचं बरोबर येतं, म्हणून तिला संभाव्यता समजून घ्यावी लागली. तो धडा दहावीच्या गणितात आहे; ही नववीतच शिकली, कारण तिला त्याची गरज पडली. वाट्यांच्या बुडाला खडूने खुणा केल्या होत्या आणि कुठल्या खुणेला कुठला तांदूळ हे फक्त तिच्या भावाला ठाऊक होतं, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून कुणाला ताडता येऊ नये. एका आजीने झाकण उचललं, वास घेतला आणि लगेच म्हणाली, "ह्यो जुना हाय. पोत्यात ऱ्हायलेला. ह्येला काय वास न्हाय उरला."

जुना-नवा ओळखणं बऱ्याच जणींना जमलं. युरियाचं मात्र कुणाला सांगता येईना. मुलगी हिरमुसली. घरी आजीचा ठाम दावा होता, की युरियानेच घात केला, आणि आजी खरी ठरावी असं तिला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, "मॅडम, हे दुसरं लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, "तूच ठरव, पण कुणी विचारलं तर काय सांगशील तेही ठरव." पुढच्या शनिवारी ती दोन्ही निकाल लिहून घेऊन आली. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती: आज्या थोड्या होत्या आणि खाचरं दोनच होती, त्यामुळे यावरून युरिया निर्दोष आहे असं म्हणता येणार नाही. एवढी शिस्त मला पदवीच्या मुलांच्या प्रबंधातही क्वचित दिसते.

दुसरा मुलगा चिखलगावच्या बाजूचा. त्याचा प्रश्न भावकीच्या भांडणातून आला होता: आमची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते आणि ओढ्यापलीकडची मे महिन्यातही पाण्यात असते, असं का? याच शिवारात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुण्याच्या ॲक्वाडॅम या भूजल संस्थेने ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेबरोबर बंधाऱ्यांमुळे जमिनीत किती पाणी मुरतं याचा अभ्यास केला होता. ही गोष्ट मी त्याला पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. सांगितली नाही. तयार उत्तर हाती पडलं की मूल विहिरीकडे बघणं सोडून देतं.

त्याने कठड्यावर ऑइलपेंटची एक खूण केली. तिथून दगड बांधलेली, हात-हात अंतरावर गाठी मारलेली दोरी वडिलांच्या देखत सोडायची आणि दर रविवारी दोन्ही विहिरींची पातळी वहीत लिहायची. महिनाभरात आकडे वेडेवाकडे दिसू लागले. एका रविवारी पाणी खाली, पुढच्या रविवारी वर, आणि मध्ये पाऊस तर नाहीच. तो वैतागला. मी एकच प्रश्न विचारला, "मोटर कधी चालू होती?" लाईटच्या पाळ्या बदलत असतात, एका आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. त्याने वहीत नवा रकाना आखला, मोटर बंद होऊन किती तास झाले याचा. मग मोटर सुरू व्हायच्या आत, पहाटे मोजायला लागला, आणि आकडे शहाण्यासारखे वागू लागले.

विहीर खणणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाशी त्याची गाठ घालून दिली, एवढंच आणखी मी केलं. त्या माणसाने त्याला दोन्ही विहिरींच्या भिंती दाखवल्या. एकीत वर थोडा मुरूम आणि खाली सलग काळा पाषाण, दुसरीत मुरमाखाली जाड मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा खडक. सह्याद्रीचा बेसाल्ट वरून एकसारखा काळा दिसतो, पण लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तो झाला आहे. काही थर भरीव, काही पोकळ्यांचे आणि भेगांचे. पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे' हे वाक्य त्याने कितीदा पाठ केलं असेल. त्याचा घरच्या भांडणाशी संबंध आहे हे त्याला विहिरीत डोकावल्यावर कळलं. आता त्याला ॲक्वाडॅमचा अभ्यास दिला तेव्हा तो त्याने अधाशासारखा वाचला, कारण त्यात काय शोधायचं हे त्याला माहीत होतं.

मुलांनी असं स्वतः करत शिकणं काही नवं नाही. 1918 मध्ये अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला, 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली. आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकण्यासाठी दिला. मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देत शिकतात, ही त्यांची पद्धत अनेक शाळांनी उचलली. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून मुलांकडून स्थानिक प्रश्नांवरचे प्रकल्प मागवते आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीविषय आहे. म्हणजे कागदावर जागा भरपूर आहे. माझ्या मते कमतरता आहे ती मुलाशेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसाची, आणि बसून काय करायचं नाही हे त्याला ठाऊक असण्याची.

या बाबतीत शेजारीच एक चांगला धडा आहे. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशोदेशीची मुलं तिथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा (आयबी) दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतात. त्यात प्रत्येकाला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर 4000 शब्दांपर्यंतचा दीर्घ निबंध लिहावा लागतो. विद्यार्थ्याने त्यासाठी सुमारे 40 तास काम करावं आणि मार्गदर्शकाने सगळे मिळून 3 ते 5 तास द्यावेत, असं आयबीचं सांगणं आहे. तीन भेटी सक्तीच्या: एक सुरुवातीला, एक मध्ये, आणि काम संपल्यावर तोंडी मुलाखतीसारखी एक. मार्गदर्शकाने पूर्ण मसुदा एकदाच वाचून शेरे द्यायचे. वाक्यं सुधारून द्यायची नाहीत. तिथल्यासारखी ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा आपल्या गावातल्या शाळांकडे नाहीत, ही विषमता मला डाचते. पण ही शिस्त फुकट आहे आणि ती उद्यापासून उचलता येते. वेळेला मर्यादा घातली की मोठा माणूस आपोआप कमी बोलतो.

दोन गोष्टींवर मात्र मी कडक असते. प्रश्न बदलायची मुभा पहिल्या महिन्यापुरती. मोजणी सुरू झाल्यावर कंटाळा आला म्हणून सोडायचं नाही, कारण दहाव्या आठवड्याचा कंटाळा हा शिकण्याचाच भाग आहे. आणि वेळापत्रक शाळेचं नव्हे, गावाचं धरायचं. जुलैत भातलावणीला अर्धा वर्ग खाचरात असतो. त्या मुलांना गैरहजर म्हणून ओरडण्यापेक्षा त्यांच्या हातात वही द्यावी. मुलींचं आणखी वेगळं. शनिवारी दुपारी त्यांना धुणं-भांडी, धाकटी भावंडं असतात. प्रकल्प घराबाहेरच करायचा म्हटला तर पहिल्या गळतात त्या मुली. तांदळाच्या वाट्यांचा प्रयोग चुलीपाशी होण्यासारखा होता, म्हणून तो तडीस गेला.

मोबाईलबद्दल पालक विचारतात. आता तर प्रश्न टाकला की पूर्ण प्रकल्प लिहून मिळतो. खरं आहे, आणि चित्र चिकटवायच्या प्रकल्पाला त्याने शेवटचा धक्का दिला हे बरंच झालं. पण त्या मुलाच्या विहिरीत अमुक रविवारी पहाटे पाणी किती खोल होतं, हे दोरी सोडल्याशिवाय कुठल्याही यंत्राला सांगता येणार नाही.

मुळशी पुण्याच्या दारात आहे. शनिवार-रविवारी पौड रस्त्याने गाड्यांची रांग लागते. त्यांत भूशास्त्रज्ञ असतात, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले असतात, संख्याशास्त्र शिकवणारे, सुतारकामात रमणारे, पक्षी ओळखणारे असतात. अनेकांची इथे घरं आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या वाटेवरच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि नववीतल्या एका मुलासाठी वर्षभरात फक्त पाच तास द्या. व्याख्यान देऊ नका, बक्षीस ठेवू नका. त्याचा प्रश्न ऐका, तो लहान करायला मदत करा आणि उत्तर माहीत असलं तरी सांगू नका. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मुख्याध्यापकांना त्याआधी भेटलेलं बरं.