नितळ साबण आणि गुलाबी थेंब

दिवाळी जवळ आली की प्रत्येक घरात काही ना काही बिघडतेच. कुणाची चकली तेलात विरघळते, कुणाचे अनारसे हसतात. गेल्या वर्षी माझा साबण बिघडला.

हसू नका, भगिनींनो. आमचे नागापूर म्हणजे नगरच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावरची कारखान्यांची वस्ती. (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या जिभेला सवय व्हायला वेळ लागतो.) इथे जो तो काही ना काही बनवत असतो, मग मीच का मागे राहावे? त्यातून धाकटीचा पहिला दिवाळसण होता आणि थोरलीही सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. जावईबापूंच्या अभ्यंगस्नानाला घरचे उटणे आणि घरचाच ग्लिसरीनचा साबण ठेवायचा, असे मी मनात ठरवून टाकले. आमचे हे म्हणाले, "दुकानात मिळतो की!" बस्स, एवढे पुरले.

या साबणाची गंमत अशी की तो म्हणजे साखरेच्या पाकाचाच भाऊ. पाक निवताना ढवळत राहिले की साखर धरते आणि नितळपणा जातो. साबणाचेही तसेच. तो निवताना त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि वडी पांढरी दिसते. स्पिरिट, ग्लिसरीन आणि साखर ही तिन्ही मिळून त्या स्फटिकांना जमू देत नाहीत, म्हणून वडीतून आरपार दिसते. लंडनच्या अँड्र्यू पिअर्स नावाच्या केशकर्तनकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असा साबण बाजारात आणला. यातली साखर आणि स्पिरिट दोन्ही उसाची लेकरे. आमचा जिल्हा तर उसाचाच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याला आता पाऊणशे वर्षे होतील. पण मळीचे स्पिरिट उत्पादन शुल्क खात्याच्या कुलुपात असते, तुम्हाआम्हाला ते असे मिळत नाही. मी रसायनांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. चालते.

पहिला घाणा ढगाळ निघाला. पावसाळ्यातल्या आभाळासारखा! दोन दिवस मी साखर वाढव, स्पिरिट वाढव असे करत बसले आणि दोष निघाला पाण्याचा. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, हे रोज डोळ्यांनी पाहत होते. त्यातला चुना साबणाशी मिळून न विरघळणारा साका बनतो. तो साका मग कशानेही नितळत नाही. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणले आणि निम्मे आभाळ मोकळे झाले. उरलेले ढग स्पिरिट उडून गेल्याचे होते, कारण मी पातेल्यावर झाकण ठेवले नव्हते. साच्यात ओतण्याआधी एक थेंब थंड काचेवर टाकून पाहावा. थेंब निवूनही नितळ राहिला तर ओतावा, धुरकटला तर आणखी थोडे स्पिरिट घालावे.

मात्र स्पिरिट घालताना शेगडी बंद. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून सरपटत जाऊन लांबची ज्योतही पकडते. माझ्या स्वयंपाकघरातच देवघर आहे आणि निरांजन तेवत होते. धाकटीने धावत येऊन ते उचलून बाहेर नेले. त्यानंतर हे काम मी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून, खिडक्या उघडून केले. भांडे स्टीलचेच घ्यावे, ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो. आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. चष्मा आणि हातमोजे नसतील तर हा उद्योगच करू नये.

दुसरा घाणा मात्र असा उतरला की वडीमागे धरलेले वर्तमानपत्र वाचता यावे. मी ती शेजारणींना दाखवली, सगळ्यांना दाखवली. वड्या धुताना हाताची कातडी ओढल्यासारखी वाटत होती, पण चकलीच्या भाजणीने हात कोरडे पडले असतील असे मी स्वतःलाच समजावले.

शेजारी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे सर राहतात. त्यांनी वडी उजेडात धरून वाखाणली आणि सहज विचारले, "वहिनी, सोडा किती घातलात?"

मी ऐटीत हिशेब सांगितला. खोबरेल २०० ग्रॅम, एरंडेल २०० आणि स्टिअरिक ॲसिड १००. खोबरेलाला शंभराला १८.३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणून पाचशेला साडेएक्याण्णव.

सरांचा चेहरा बदलला. "एरंडेलाला शंभराला १२.८ लागतो, स्टिअरिकला १४ च्या आसपास," ते म्हणाले. पुन्हा बेरीज केली तर ७६ ग्रॅम सोडा पुरा होता. म्हणजे पंधरा ग्रॅम मोकळा कॉस्टिक सोडा त्या काचेसारख्या वड्यांत बसला होता!

त्यांनी साबणाचा कीस कोमट स्पिरिटात विरघळवला आणि फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकला. पेला गुलाबी झाला. पाण्यात कुठलाही साबण गुलाबी होतो, पण स्पिरिटात चांगला साबण रंग देत नाही. तिथे गुलाबी दिसला की मोकळा सोडा आहे असे समजावे. तो रंग फार सुंदर होता हो. आणि त्या वेळी थोरलीचे बाळ माझ्या मांडीवर होते.

मला वाटले, नितळ झाला म्हणजे जमला. उलट आहे. साबणात तेल उरले तर तो धुरकटतो, सोडा उरला तर तो नितळच राहतो. दोषांतला अधिक वाईट दोष डोळ्यांना दिसतच नाही. "महिनाभर मुरवला तर?" मी विचारले. मुरवल्याने पाणी उडते, सोडा उडत नाही. सोडा किंचितच जास्त असेल तर वितळवून चिमूट चिमूट स्टिअरिक घालत रंग जाईपर्यंत सुधारता येते. पण माझ्या चुकीला ते शंभर ग्रॅमहून जास्त लागले असते, आणि मग साबण साबणच राहिला नसता.

ह्यांनी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी मात्र तराजू आणि कागद घेऊन माझ्याशेजारी बसले.

तिसऱ्या घाण्यात प्रत्येक तेलाचा सोडा वेगळा काढला आणि थेंब टाकून पाहिला. रंग आला नाही. बाकी खोड्या किरकोळ. वर आलेल्या बुडबुड्यांवर स्पिरिट फवारले की ते विरतात. गुलाबाच्या ताज्या पाकळ्या घालू नयेत, काळ्या पडतात. उटण्याची पूड पातळ साबणात घातली की तळाशी बसते, तो दाट होऊ लागला की मिसळावी. आणि वड्यांना घाम फुटला तर घाबरू नये. ग्लिसरीन हवेतली ओल ओढते आणि परतीचा पाऊस असला की जास्तच. फडक्याने टिपून लगेच घट्ट गुंडाळून ठेवावे.

नरकचतुर्दशीला पहाटे जावईबापूंनी वडी दिव्यापाशी धरून विचारले, "कुठल्या दुकानातला?" बाळाला मात्र मी साबण लावू दिला नाही, नुसते तेल आणि कोमट पाणी.

दुसऱ्या घाण्याच्या वड्या मोजे घालून फरशी धुवायला वापरते. दोन उरल्या आहेत. अजून तशाच नितळ आहेत, म्हणून वेष्टनावर लाल शाईने 'फरशी' असे मोठ्या अक्षरांत लिहून उंच फळीवर ठेवल्या आहेत.