घट्ट म्हणजे चांगलं, हे कुणी सांगितलं?

आपल्या हॉस्टेलमध्ये काहीही निखळलं की पहिला प्रश्न ठरलेला : "इन्स्टंट ग्लू कोणाकडे आहे रे?" चपलेचा अंगठा असो, कॅल्क्युलेटरचं झाकण असो, नाहीतर मॉडेल रेल्वेच्या डब्याची सुटलेली पट्टी असो, औषध एकच! माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दोघांना ते चालून जाईल, तिसऱ्याला अजिबात नाही. विषय खेळण्यातल्या गाडीचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या खोलीतल्या हवेपर्यंत येतो. म्हणून हे पान अडवतेय.

आमच्या हॉबी क्लबच्या कपाटात एचओ स्केलचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचे, सहा डबे आहेत. एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेले. पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी पाहिलंय, त्यांना अशा डब्यांची गंमत वेगळी सांगायला नको. ती असते बारीकसारीक गोष्टींत. दाराशेजारचे दांडे, पायऱ्या, खिडक्यांच्या काचा, छतावरचे व्हेंटिलेटर. आणि नेमकं हेच सगळं आधी सुटतं. आमच्यातल्या दोन डब्यांच्या खिडक्या आज मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढुरक्या दिसतात. कारण? पूर्वी कधीतरी झालेली झटपट दुरुस्ती.

इन्स्टंट ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतं. घट्ट होता होता त्याची थोडी वाफ उडते आणि शेजारच्या काचेवर पांढरी पूड होऊन बसते. दमट हवेत, बंद डब्यात तर जास्तच. बरं, सुटा भाग एकदा वाकडा बसला की बसलाच. मग कोणीतरी म्हणतं, "अॅसिटोन लाव, सुटेल." पण डब्याची बॉडी बहुधा पॉलिस्टायरीनची किंवा एबीएसची असते, आणि अॅसिटोन दोन्ही विरघळवतं. रोगापेक्षा औषध भयंकर! अजून एक : सांडलेला इन्स्टंट ग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. सुतावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

दुसरा पंथ 'प्लास्टिक वेल्ड'वाल्यांचा. लॅबमधून थोडं क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन आणायचं आणि ब्रशने लावायचं. जोड झकास होतो, खोटं कशाला बोलू? प्लास्टिकच वितळून एकजीव होतं. पण डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंशांना उकळतं. मे महिन्यात आपल्या खोल्या किती तापतात ते आठवा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घरगुती वापरासाठी त्यावर बंदी घातली. क्लोरोफॉर्म लिव्हरला घातक. आणि आपण दहा बाय बाराच्या खोलीत, डास येतात म्हणून खिडकी लावून, तिघं झोपलेले असताना हे वापरायचं? एका इवल्याशा दांड्यासाठी?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सगळ्याला एकच शब्द, 'ग्लू'. घरी आजी मात्र 'डकवणं' वेगळं आणि 'सांधणं' वेगळं म्हणते. कॅलेंडरचं चित्र डकवायचं, फुटलेली बरणी सांधायची. मला वाटतं, सगळं इंजिनिअरिंग या दोन शब्दांत आलं. डब्याच्या दांड्यावर लोड किती? जवळपास शून्य. मग त्याला सांधायचं कशाला, डकवा ना!

डकवण्यासाठी साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. त्यात पाणी असतं, प्लास्टिक वितळवणारं सॉल्व्हंट नसतं. वाळल्यावर पारदर्शक होतो, वाफेने काच धूसर करत नाही, आणि चुकलं तर ओल्या बोळ्याने मऊ करून काढता येतो. वॉटरप्रूफ प्रकार मात्र घेऊ नका, तो पुन्हा सुटणार नाही. आधी जुना ग्लू टूथपिकने हलकेच खरवडा, जागा साबणाच्या पाण्याने पुसून वाळू द्या. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच थेंब लावा, वर मास्किंग टेपचा तुकडा आणि रात्रभर विश्रांती.

"पण तो प्लास्टिकवर नीट धरतच नाही," असं माझा पार्टनर म्हणतो. बरोबर आहे. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड बेताचीच. पण डबा पडला तर दांडा सुटून येईल, मोडणार नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, फ्यूज आपण उगाच लावतो का? धातूचा भाग प्लास्टिकला बसवायचा असेल, किंवा कपलिंगसारखा ओढ सोसणारा भाग असेल, तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी वापरा. अगदी ठिपकाभर, आणि हातमोजे घालून, कारण त्याची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते. बॉडीलाच चीर गेली असेल तर मात्र सॉल्व्हंट लागेल. ते लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, सरांना सांगून.

म्हणून दोन मागण्या. वॉर्डन सर आणि लॅबच्या मॅडम, सॉल्व्हंटची बाटली खोलीपर्यंत पोचणार नाही एवढं बघा. आणि क्लबच्या मुलांनो, प्रत्येक डब्याच्या खोक्यात एक चिठ्ठी ठेवा : काय सुटलं, कशाने लावलं, तारीख काय. आपण चार वर्षांत निघून जाऊ, डबे इथेच राहतील. पुढच्या बॅचला ते पुन्हा उघडता आले पाहिजेत.