परक्या खाणीवरचा ट्रक

मुलगा काय करतो, असे विचारले की डिचोलीतले पालक एकेकाळी ताठ मानेने सांगत, "खाणीवर आपला ट्रक आहे." हल्ली "यूट्यूबवर व्हिडिओ घालतो" असे उत्तर मिळते, तेही आवाज जरा खाली आणून. आम्हांला या संकोचाचे कारण कळत नाही. काळजीचे मात्र कळते.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे, म्हणून आधी हिशेब पाहू. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सभासद आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे लागते, किंवा छोट्या चित्रफितींना ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जावे लागते. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एकाने चार मिनिटे पाहिले असे धरले तर ६०,००० वेळा पाहिले गेले पाहिजे. तेवढे झाल्यावर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आणि छोट्यांचे ४५ टक्के पदरात पडतात. १०० डॉलर जमेपर्यंत खात्यात काही येत नाही. वेळ, वीज, कॅमेऱ्याचा हप्ता सगळे पदरचे. हा धंदाच आहे, पण भांडवल आधी आणि उत्पन्न नंतर असा.

धोका मात्र वेगळाच आहे आणि तो डिचोलीकरांना कोणी शिकवायला नको. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली, तेव्हा ज्यांची कमाई केवळ टिकटॉकवर होती त्यांचे तसेच झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची 'आपली आजी' ही वाहिनी चोरट्यांनी बळकावली होती. ती परत मिळाली हे नशीब. ट्रक आपला असला तरी खाण दुसऱ्याची, हे विसरून चालत नाही.

मग टिकले कोण? मधुरा बाचल यांनी २००९ साली पाककृतींची वाहिनी सुरू केली. आज त्यांच्या नावाचे मसाले विकले जातात. आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात प्रसाद गावडे यांनी 'कोकणी रानमाणूस' या नावाने गावचे जंगल आणि घरे दाखवली, आणि ती पाहून पाहुणे तिथे राहायला येऊ लागले. म्हणजे व्हिडिओ ही दुकानावरची पाटी आणि माल घरचा. हरमलच्या किनाऱ्यावर बाहेरचे लोक येऊन कॅमेरे फिरवतात, त्यांना हरमलची मिरची दिसत नाही. पेडण्याची पुनव, डिचोलीचा नवा सोमवार, नार्वेचा सप्तकोटेश्वर हे सारे घरातल्या माणसाने, घरच्या मराठीत दाखवायला हवे. ते सावंतवाडीपासून मुंबईपर्यंत कळते.

मुलांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. उत्पन्न खात्यातून घ्या आणि विवरणपत्र भरा. रोखीत घेतलेल्या पैशावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या कमाईसाठी प्राप्तिकर विवरणपत्रात २०२५ साली १६०२१ हा वेगळा संकेतांकही आला आहे. दुसरे, दशावताराचा प्रयोग रात्रभर चित्रित करून वाहिनीवर टाकणाऱ्यांनी मंडळाची लेखी परवानगी घ्यावी आणि वाटा ठरवावा. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क मान्य आहे. राजाचे सोंग घेणाऱ्याला मानधनाची पाकिटे आणि चित्रण करणाऱ्याला डॉलर, हे काही बरे दिसत नाही.

आता आपल्या संस्थेविषयी. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठीसाठी ठराव करीत आलो आहोत, यापुढेही करू. पण रोज मराठी बोलून पोट भरू पाहणारा पोरगा सभेला आला तर त्याला फोटो काढायला उभा करतात, बसायला खुर्ची देत नाहीत. (गेल्या खेपेस हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.) येत्या वार्षिक सभेत पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अशा तरुणांसाठी हिशेब, कर आणि करारपत्र यांवर एक दिवसाचे शिबिर घेण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.